ते गालगुंड नव्हते

माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा, जबडा लहानपणी गालगुंडाने आखडला, असे आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षे सांगितले गेले. ते खरे नव्हते. खरे काय ते घरात फक्त मला ठाऊक होते, आणि मी ते कोणालाही सांगितले नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमची माय निलंग्याकडच्या आमच्या गावाबाहेर खडी फोडण्याच्या कामावर जात असे. कामावरच्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना दुपारी सुकडी मिळे. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाची गोड भुकटी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, शोभा पाच वर्षांची. एके दिवशी माझा वाटा मी उभ्या उभ्या संपवला आणि तिच्या फ्रॉकच्या ओच्यातला मागू लागलो. ती नाही म्हणाली आणि खडीच्या ढिगावर चढली. मी मागून चढलो आणि तिला ढकलले. ती खाली दगडावर हनुवटीवर पडली.

ती रडत होती आणि मी तिच्या शेजारी बसून सांडलेली सुकडी वेचून खात होतो. संपल्यावर तिच्या हनुवटीच्या चिरेवर मी माती दाबली आणि म्हणालो, "मायला सांगितलंस तर उद्यापासून तुझी सुकडी बंद." पाच वर्षांच्या मुलीला तेवढी धमकी पुरली. हनुवटीखालची ती बारीक चीर धुळीत मायच्या लक्षात आली नाही.

दोन दिवसांनी तिच्या दोन्ही कानांपुढे सूज आली. कामावरच्या एका म्हातारीने पाहून सांगितले, "गालगुंडं हाईत गं बाई. गेरू लाव अन् फडकं बांध. तोंड हलू देऊ नको." मायने गेरूचा लेप दिला, हनुवटीखालून फडके घेऊन डोक्यावर गाठ मारली आणि तीन आठवडे ते सुटू दिले नाही. मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल पिठाची पातळ पेज ती शोभाच्या दातांच्या फटीतून थेंबथेंब सोडत असे. गाठ मारताना तिचे हात किती हळू फिरत ते मला अजून दिसते. मी समोर बसून पाहत होतो. ही गालगुंडे नाहीत, एवढे एक वाक्य मला बोलायचे होते. मी ते बोललो नाही.

फडके सुटले तेव्हा शोभाच्या तोंडात एक बोटही जात नव्हते.

*

माझ्या स्वतःच्या जबड्याचे दुखणे मी त्रेपन्नाव्या वर्षी अनुभवले. तेही दुष्काळातच. लातुरात तेव्हा नळ कोरडे होते आणि रेल्वेने पाणी येत होते. मी जवळच्या तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. टँकरच्या फेऱ्या कोणत्या गावाला किती, याच्या नोंदीचे काम माझ्याकडे होते. रोज सकाळी माझ्या टेबलापुढे माणसे उभी राहत.

"सायेब, तुमच्या घरी येयलंय का पानी?" एक जण विचारी.

दुसरा त्याला म्हणे, "त्यांना कशाला इचारतूस? ते बोलतेत का कधी?"

मी खरोखर बोलत नसे. माझा स्वभाव उलट उत्तर देण्याचा नाही. मी दातावर दात दाबून कागद पुढे सरकवीत असे. हे दात दाबणे मला कळतही नव्हते.

आधी घास चावताना डाव्या कानापाशी 'कट' असा आवाज येऊ लागला. त्याकडे मी दुर्लक्ष केले. मग कान दुखू लागला, म्हणून कानात थेंब घातले. मग दाढ दुखते असे वाटले, म्हणून मीच हट्ट धरून एक दाढ काढून घेतली. ती दाढ चांगली होती, हे नंतर कळले. सकाळी उठल्यावर कानशिले ठणकत. आणि एका सकाळी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला तर तोंड अर्ध्यावरच अडले.

"अहो, आ करा की नीट," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"होत नाही."

"अन् कचेरीत तरी कुठं उघडता तुम्ही तोंड?"

ती हसत होती. माझा चेहरा पाहून तिने ताट बाजूला ठेवले. सुनंदाचे माहेर हिमायतनगरचे. तिच्या भावाने फोनवर नांदेडच्या एका डॉक्टर मॅडमचे नाव सांगितले. त्या जबड्याचीच शस्त्रक्रिया करणाऱ्या आहेत, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने नांदेडला गेलो.

*

निदानाचा तो दिवस मला क्रमाने आठवतो. मॅडमनी माझ्या दोन्ही कानांपुढे एकेक बोट टेकवले आणि म्हणाल्या, "उघडा. मिटा. पुन्हा उघडा." मग त्यांनी मला माझीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. माझी दीडच गेली.

"कानात काही नाही, दातातही नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं सांध्यात आहे. कवटीला जबडा जिथं अडकतो तिथं हाडांमध्ये एक गादीसारखी चकती असते. तुमची ती सरकली आहे. दात आवळून धरायची सवय आहे का?"

"असावी."

"आहेच," सुनंदा म्हणाली. "झोपेत तर जात्यावानी आवाज येतो."

उपाय साधे होते. रात्री दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी. काही आठवडे मऊ अन्न. जांभई आली तर हनुवटीला हाताचा आधार. दिवसातून दोनदा कोरडा शेक. आणि एक नियम, जो हे वाचणाऱ्या सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे: ओठ मिटलेले असावेत, दात सुटलेले असावेत. घास चावताना सोडले तर वरचे दात खालच्यांना टेकण्याचे कारण नाही.

मी भीतभीत विचारले, "मॅडम, माणसानं एखादी गोष्ट मनात दाबून धरली, तर असं होतं का?"

"ताणानं दात आवळले जातात हे खरं."

"तसं नाही. म्हणजे, एखादं पाप..."

मॅडम हसल्या. "पाप सांध्यात बसत असतं, तर मला दवाखान्याबाहेर मांडव घालावा लागला असता. बरं, लहानपणी हनुवटीवर कधी मार लागला होता का?"

"मला नाही," मी म्हणालो.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "मग कुणाला?"

"माझ्या बहिणीचं तोंड उघडत नाही. एक बोटही जात नाही. पाच वर्षांची असल्यापासून." आणि सवयीने पुढे बोललो, "गालगुंड झालं होतं."

"त्यांना घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "तुमचं दुखणं दोन महिन्यांत आटोक्यात येईल. त्यांना मात्र फार आधी दाखवायला हवं होतं."

*

दोन महिने मी भाताची पेज आणि वरणात कुस्करलेली भाकरी खाल्ली. पाणी जपून वापरायचे दिवस होते, म्हणून सुनंदा तव्यावर ज्वारी गरम करून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून देई. तो शेक कानापुढे धरला की बरे वाटे. ठणका हळूहळू उतरला. दीडाची दोन बोटे झाली, दोनाची अडीच.

आमचे घर बौद्ध. रविवारी विहारात वंदना होई, तेव्हा पंचशील सांगण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे होते. त्या महिन्यांत मी ते दुसऱ्याकडे दिले आणि मागे बसू लागलो. सगळ्यांबरोबर ओठ हलवीत असे. चौथे शील आले, खोटे न बोलण्याचे, की मी थांबे. लोकांना वाटे, जबडा दुखतो.

माझे दुखणे सोसण्याजोगे होते. त्याने एकच केले. अर्धे उघडलेले तोंड घेऊन जेवायला बसणे काय असते, ते मला दोन महिने कळले. शोभा असे चाळीस वर्षे जेवली होती. तीही चारचौघांत कधीच नाही. ती नेहमी सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून, भाकरीचा भुगा बोटांनी दातांमागे सारून जेवत असे. तिची हनुवटी वाढली नाही. तिचे बोलणे दातांतून येई. दोन ठिकाणची माणसे तिला पाहून गेली आणि निरोपही न पाठवता गप्प राहिली. त्यानंतर तिनेच सांगितले, आता कुणाला बोलवू नका. गावातल्या अंगणवाडीत ती मदतनीस झाली आणि गावातच राहिली.

मूल असताना मी जे केले त्याची क्षमा कदाचित मागता येईल. पण लातूर नवा जिल्हा झाला आणि मला नव्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. माय म्हणाली होती, "आता मोठा दवाखाना व्हईल तिथं. शोभीला ने रे एकडाव." मी तिला म्हणालो, "गालगुंडाचं जुनं दुखणं ते. आता काय होणार?" मला दवाखान्याची भीती नव्हती. कसे झाले, हे डॉक्टर विचारतील, याची भीती होती. माय पुढे पंधरा वर्षे जगली. "माझ्याच्यानं येळेवर औशीद झालं न्हाई," असे ती शेवटपर्यंत म्हणत असे. मी तेही ऐकून घेतले.

*

शोभाला नांदेडला नेणे सोपे नव्हते. "पन्नाशी आली माझी," ती म्हणाली. "आता तोंड उघडून काय भाषण करायचंय मला?" पण तिची एक दाढ किडून गाल सुजला होता, आणि तोंडच उघडत नसल्याने ती दाढ कोणाला काढता येत नव्हती. त्या दुखण्याने ती शेवटी बसमध्ये बसली.

मॅडमनी जबड्याचे एक्स-रे फोटो काढायला लावले. काळ्या फोटोत दोन्ही बाजूंना सांध्याच्या जागी फट दिसायला हवी होती. तिथे पांढरा गठ्ठा होता. हाडाला हाड चिकटले होते.

"हे गालगुंडाचं काम दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "शोभाताई, लहानपणी हनुवटीवर पडला होता का?"

"न्हाई मॅडम. गालगुंडंच हुती. मायनं फडकं बांधून ठिवलं हुतं मला."

"किती दिवस?"

"लई दिवस. तीन आठवडे म्हणायची माय."

मॅडमनी मान हलवली. "मार बसल्यावर मुलाचा जबडा तसा बांधून ठेवला, तर आतलं हाड जुळताना सगळंच जुळून जातं. थोडं थोडं हलवत राहावं लागतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मोठे. तुम्हाला काही आठवतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्या वेळी मी दहा वर्षांचा नव्हतो. त्रेपन्न वर्षांचा होतो. कानांवर केस पांढरे झालेले होते, आणि शोभा माझ्या शेजारी बसली होती.

*

चिकटलेले हाड कापून सांधा मोकळा करण्याची आणि त्याच वेळी किडलेली दाढ काढण्याची शस्त्रक्रिया ठरली. तिची भीती निराळीच होती. तोंड उघडत नसल्यामुळे भुलीची नळी नाकातून घालावी लागणार होती, आणि सगळ्यात अवघड काम तेच, असे आम्हाला आधी सांगितले गेले. साडेपाच तास मी आणि सुनंदा बाकावर बसून होतो. शेजारी एक बाई होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या. त्यांनी काही न विचारता डब्यातला अर्धा उपमा झाकणात काढून माझ्यापुढे ठेवला. "खावा भाऊ. मऊ हाय," त्या म्हणाल्या. मी गालावर हात धरून बसलो होतो, ते पाहूनच त्यांना कळले असावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शोभा पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली पडली होती. एकाएकी तिचे डोळे मोठे झाले आणि तोंड हळूहळू उघडू लागले. मी घाबरून नर्सला हाक मारली.

"कामून ओरडायलास?" शोभा म्हणाली. डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही होते. "जांभई हाय रे दादा. जांभई आली मला."

नर्सने येऊन तिचे गाल धरले. "मावशी, अजून एक द्या बघू. चांगलाच व्यायाम आहे."

घरी सोडताना मॅडमनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा एक जुडगा हातात दिला. काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरायच्या, आणि एकेक वाढवीत न्यायची. "निम्मं काम मी केलं," त्या म्हणाल्या. "निम्मं तुमचं. दुखलं तरी चालेल, थांबलं तर चालणार नाही. सहा महिने. जबडा गप्प ठेवलात तर हाड पुन्हा जुळेल, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन करणं माझ्यासाठीही अवघड आहे."

*

शोभाला आम्ही लातूरला आमच्या घरी आणले. पहिले पंधरा दिवस ती मोजून व्यायाम करी. बारा काड्या, तेरा, चौदा. प्रत्येक वेळी डोळ्यांतून पाणी येई. सुनंदा शेजारी बसून आकडे मोजी आणि मधूनच चिडवी, "वन्सं, एवढ्या तोंडानं आता मला शिव्या देऊ नका म्हणजे झालं." शोभा हसे आणि हसताना पुन्हा दुखे.

तिसऱ्या आठवड्यात काड्या चौदावरून बारावर आल्या. मग दहावर. आज नको, उद्या करते, असे ती म्हणू लागली. मॅडमना फोन केला, तर त्या एवढेच म्हणाल्या, "दहाच्या खाली येऊ देऊ नका."

एका दुपारी मी कचेरीतून लवकर घरी आलो. गल्लीत टँकर यायचा होता, म्हणून सुनंदा घागरी काढून दाराशी थांबली होती. तिने मला खुणेने आत जायला सांगितले. खाटेवर शोभा भिंतीला टेकून बसली होती. हनुवटीखालून डोक्यावर तिने फडके घट्ट बांधले होते. काड्यांचा जुडगा खिडकीत पडला होता.

"शोभे, ते सोड," मी म्हणालो.

"राहू दे जरा." शब्द दातांतून आले, पूर्वीसारखे. "तू गेल्यापास्नं बांधलंय. लई बरं वाटायलंय."

"सकाळपासून?"

"मायनं बांधलं हुतं तव्हा बी असंच बरं वाटलं हुतं. ठणका थांबायचा तेच्यानं."

"मॅडम काय म्हणाल्या ते विसरलीस का?"

"मॅडमला काय म्हाईत? त्या आता आल्या. मायला कळत न्हवतं का? मायनं काय वाईटासाठी बांधलं व्हय?"

दारातून सुनंदा म्हणाली, "सकाळपास्नं हेच. मायच्या पुढं कुणाचं चालत न्हाई." तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि ती घागरी घेऊन गेली.

ते फडके सुटायला हवे होते. आणि ते सोडवण्यासाठी मला सांगावे लागणार होते की मायचे चुकले. ते का चुकले, हे सांगितल्याशिवाय तेवढेच सांगणे मला शक्य नव्हते. मी खाली फरशीवर बसलो.

"मायनं वाईटासाठी नाही बांधलं," मी म्हणालो. "तिला गालगुंडं वाटली म्हणून बांधलं. ती गालगुंडं नव्हती."

"मग काय हुतं?"

"तू पडली होतीस. खडीच्या ढिगावरून. हनुवटीवर."

तिने हनुवटीला हात लावला. तिथे एक बारीक पांढरी रेघ आहे, बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाही. "मला तर आठवत न्हाई पडल्यालं."

"पडली नाहीस. मी ढकललं होतं. सुकडीसाठी. आणि मायला सांगू नको म्हणून तुला दम दिला होता."

तिचे बोट त्या रेघेवरून फिरत राहिले. बाहेर घागरींचा आणि बायकांचा गलका चालला होता.

"म्हंजे मायला ठावंच न्हवतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"अन् ती मरस्तोवर सोताला बोल लावत राहिली."

"हो."

तिने डोक्यावरची गाठ सोडली. ओढून घट्ट झालेली होती, वेळ लागला. मी उठून मदत करू लागलो, तर तिने माझा हात बाजूला केला. फडके सुटल्यावर तिने ते घडी करून उशीजवळ ठेवले आणि जबडा एकदा डावीउजवीकडे हलवून पाहिला. चेहरा वेडावाकडा झाला. मग ती बोलली, आणि या वेळी तोंड उघडून बोलली.

"नांदेडला मॅडमनं इचारलं, तव्हा तू तिथंच बसला हुतास."

"हो."

"न्हाई म्हणलास तू."

"हो."

"अन् नवी नोकरी लागली, माय म्हणायली, दवाखान्यात ने. तव्हा?"

"तेव्हाही टाळलं. डॉक्टर विचारतील म्हणून."

ती मान खाली घालून बोटांनी कानांपुढचे टाक्यांचे वण चाचपू लागली. तिने रागावावे, असे मला वाटत होते. ती रागावली नाही, रडलीही नाही. तेव्हा मला कळले की मी अजून फक्त तिच्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. जे मागायचे ते मागितलेलेच नाही. मी तिच्यासमोर हात जोडले. माझा आवाज लहान आहे, म्हणून मुद्दाम मोठ्याने बोललो, तिला नीट ऐकू जावे म्हणून.

"शोभा, मी तुला ढकललं. मायला खोट्यात ठेवलं. कळता झाल्यावरही तुला दवाखान्यापासून लांब ठेवलं, आणि नांदेडला तुझ्या शेजारी बसून पुन्हा खोटं बोललो. मी लहान होतो, असं मी म्हणणार नाही. माझं चुकलं. मला माफ कर."